साठ हजार फुलं आणि शेकड्यावर पाच

कुठल्याही ऑफिसात दोन गोष्टी न सांगता साठत जातात. बंद पडलेले माउस आणि किस्से! माउस निदान दिवाळीच्या साफसफाईत भंगारात देता येतात. किस्से कोणी घेत नाही, म्हणून मग ते असे चहाच्या वेळी मित्रमंडळींच्या गळ्यात मारावे लागतात.

आमचं ऑफिस वसईत, एका केकच्या दुकानाच्या वर. माणसं मोजून चार. मालक पाटील सर, मूळचे निर्मळ गावचे, घरची फुलांची आणि केळीची वाडी. प्रशांत, चित्रं काढणारा, राहणार नालासोपारा. मर्लिन, जी सगळं सॉफ्टवेअर पॅक करून त्याचं सेटअप बनवते. आणि मी, सुप्रिया. ते सेटअप लावायचं, काढायचं, पुन्हा लावायचं आणि कुठे बोंबलतंय ते बघायचं, हे माझं काम. त्याला टेस्टर म्हणतात.

आम्ही फोटो स्टुडिओवाल्यांसाठी लग्नाचे अल्बम सजवायचं सॉफ्टवेअर बनवतो. सॉफ्टवेअर तसं एवढंसंच आहे. पण त्याच्याबरोबर जाणारी सजावट? झेंडू, मोगरा, चाफा, तोरणं, कलश, मोर, चौकटी, 'शुभविवाह'ची अक्षरं! प्रत्येक चित्राची एक वेगळी फाइल. आणि अशा फायली साठ हजार! त्या सगळ्या एका सेटअपमध्ये भरायच्या आणि समोरच्याच्या कॉम्प्युटरवर एकही न हरवता उतरवायच्या, ही मर्लिनची जबाबदारी.

आता हे किस्से ऐकताना वेगवेगळे वाटतील. पण आधीच सांगून ठेवते, ते सगळे मिळून आम्हाला एका मुलीसमोर नेऊन उभे करतात. स्नेहल तिचं नाव. आमच्या सेटअपने तिच्या लग्नाचे सगळे फोटो पुसले, आणि त्या फोटोंशिवाय तिला कॅनडाला नवऱ्याकडे जाता येत नव्हतं.

*

पहिला धक्का दिला तो सरांच्या आईंनी.

सर घरी जेवता जेवता मर्लिनशी फोनवर बोलत होते. "शुक्रवारपर्यंत साठ हजार फुलं पॅक झाली पाहिजेत. जमेल ना तुला एकटीला?" आईंनी एवढंच ऐकलं. जन्म फुलांच्या वाडीत गेलेला. एकटी पोर आणि साठ हजार फुलं! त्यांना काही तो घास गिळवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ऑफिस उघडतोय, तर दारात दोन बायका. इंदूबाई आणि हेमाताई, सरांच्या वाडीत फुलं खुडून पुड्या बांधणाऱ्या. एकीच्या हातात दोऱ्याचं रीळ, दुसरीच्या डोक्यावर केळीच्या पानांचा भारा!

"माल कुठं हाय?" इंदूबाईंनी पदर खोचून विचारलं.

मर्लिनने स्क्रीनकडे बोट दाखवलं. इंदूबाईंनी वाकून पुढून पाहिलं, मग जाऊन मागून पाहिलं. "या टीवीत साठ हजार? आनि पानी कोन मारतं?"

आम्ही त्यांना चहा पाजला आणि सगळं समजावलं. फूल नाही, फुलाचं चित्र. पुडी नाही, सेटअप. हेमाताई तोंडाला पदर लावून हसत होत्या. इंदूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मर्लिनला एकच प्रश्न विचारला, "शेकड्यावर पाच घातलीस का?"

सरांच्या वाडीची ही रीत. चाफ्याची शंभर फुलं सांगायची आणि एकशे पाच द्यायची. बाजारात जाईपर्यंत चार-दोन काळी पडतात, गिऱ्हाइकाला कमी पडायला नको. आणि ती वरची पाच कुठे लिहायची नाहीत. लिहिली की ती वरची राहत नाहीत!

सर केबिनमधून बाहेर आले होते. त्यांचे डोळे भरले होते. "माझे वडील हेच सांगायचे," ते म्हणाले. आणि त्याच दुपारी फर्मान निघालं, सेटअपमध्येसुद्धा शेकड्यावर पाच!

"सर, फाइल कोमेजत नाही!" मर्लिन ओरडली.

"रीत आहे, मर्लिन," सर म्हणाले.

साठ हजारांवर तीन हजार फुलं नवीन काढायची होती. प्रशांत त्या दिवशी जेवला नाही.

*

तीन हजार चित्रं काढणाऱ्या माणसाला तीन हजार नावंही सुचावी लागतात. प्रशांतला सुचायची नाहीत, म्हणून तो मनात येईल ते लिहायचा. एका झेंडूचं नाव मी स्वतः वहीत उतरवून ठेवलंय. 'झेंडू_पिवळा_हळदीसाठी_काकूंनी_पसंत_केलेला_पाकळी_वाकडी_पण_चालेल_फायनल_खरंच_फायनल'.

मर्लिनचं सेटअप सत्त्याण्णव टक्क्यांवर जाऊन मरायला लागलं. रोज! सत्त्याण्णवपर्यंत जायला पाऊण तास, आणि मग धप्प. तीन दिवस ती शोधत होती. चौथ्या दिवशी सापडलं. फोल्डरच्या आत फोल्डर, त्याच्या आत फोल्डर आणि शेवटी प्रशांतचा झेंडू. सगळं मिळून नाव एवढं लांब झालं होतं, की कॉम्प्युटर ते घ्यायलाच तयार नव्हता.

प्रशांतला हे खरंच वाटेना. "नाव लांब म्हणून आत घेत नाही? माझ्या आजोबांचं नाव रेशनकार्डावर दोन ओळींत मावत नव्हतं, तरी साखर मिळायची!"

मर्लिनने फोल्डर कमी केले, पण फुलांची नावं बदलायला वेळ नव्हता. आणि आमचं सेटअप चालू असताना स्क्रीनवर प्रत्येक फाइलचं नाव सरकताना दिसतं. आठवड्याने मला चिंचोटीच्या बाजूच्या एका स्टुडिओवाल्याचा फोन आला.

"मॅडम, तुमचं सेटअप लावून दुपारपासून समोर बसलोय. एक विचारू?"

"विचारा ना."

"या काकूंना दुसरा झेंडू का नाही आवडला?"

मी फोन हातात धरूनच प्रशांतकडे वळले. "काकू कोण रे?"

"शेजारच्या. प्रत्येक फूल त्यांना दाखवूनच फायनल करतो मी," तो शांतपणे म्हणाला.

आमच्या कंपनीचं सगळं क्वालिटी चेकिंग नालासोपाऱ्यात तिसऱ्या मजल्यावर, कुकरच्या शिट्ट्या मोजत चालायचं! आणि मला पगार टेस्टर म्हणून मिळत होता.

*

आता मर्लिनचा किस्सा. ही बाई रविवारी चर्चमध्ये लहान मुलांना धर्मशिक्षण देते, आणि सोमवार ते शनिवार आम्हाला. खोटं तिला चालत नाही. तिच्या सेटअपची एक यादी असते. प्रत्येक फाइलची एक ओळ. यादीत नाव आहे तर आत, नाही तर बाहेर.

सरांची तीन हजार वरची फुलं तिने यादीत लिहायला घेतली, आणि सर धावत आले. "लिहू नकोस! लिहिलं तर ते वरचं कसं राहील?"

"यादीत नाही ते आत जात नाही, सर."

"आत तर गेलं पाहिजे!"

"मग लिहायला पाहिजे."

"लिहायचं नाही!"

अर्धा दिवस हे चाललं. मी आणि प्रशांत खाली जाऊन पफ खाऊन आलो तरी तेच! शेवटी मर्लिननेच तोडगा काढला. यादीतली साठ हजार फुलं नेहमीसारखी जातील. वरच्या तीन हजारांची एक वेगळी पुडी बांधायची, आणि सेटअप संपल्यावर ती आपोआप तिथेच सुटेल. यादीत तिचा पत्ताच नाही. सर खूश! त्या फाइलचं नाव त्यांनी स्वतः 'पुडी' ठेवलं.

एक गोष्ट मात्र आमच्या कोणाच्याच लक्षात आली नाही. सॉफ्टवेअर काढून टाकताना कॉम्प्युटर तीच यादी वाचतो. यादीत आहे तेवढंच उचलतो आणि निघून जातो. पुडीतली तीन हजार फुलं तिथेच राहायची.

*

याचा फटका बसला तो एका मोरामुळे.

जुन्या पुडीत प्रशांतने एक मोर काढला होता आणि त्याला डोळा काढायचा राहून गेला होता. काकूंच्याही नजरेतून सुटला! नव्या व्हर्जनमध्ये आम्ही डोळा घातला. पण लोक जुनं व्हर्जन काढायचे तेव्हा तो बिनडोळ्याचा मोर मागेच राहायचा, आणि नवं लावलं की दोन्ही मोर शेजारी शेजारी.

एका स्टुडिओवाल्याने नेमका बिनडोळ्याचा मोर घेऊन तो नवरा-नवरीच्या डोक्यावर छापला. पूर्ण पानभर! मुलीच्या सासूबाईंनी अल्बम उघडला आणि किंचाळल्या. अपशकुन झाला म्हणून अल्बम परत. तो स्टुडिओवाला तो अल्बम घेऊन आमच्या ऑफिसात आला, टेबलावर उघडून ठेवला आणि म्हणाला, "आता या सासूला तुम्ही समजवा."

सरांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी मर्लिनला बोलावलं. "काढताना आपलं काहीही मागे राहता कामा नये."

मर्लिनने एक ओळ लिहिली. एकच! सॉफ्टवेअर काढताना यादी बघत बसायची नाही, आमचा अख्खा फोल्डरच पुसून टाकायचा. "घर सोडताना झाडून निघावं," ती मला म्हणाली.

मी ते करून पाहिलं. त्रेसष्ट हजार फायली एका दमात गायब. एक पाकळी शिल्लक नाही! मी टाळ्या वाजवल्या आणि कागदावर 'पास' लिहिलं. तो शब्द मी लिहिला, मर्लिनने नाही. मुद्दाम सांगते, कारण पुढे बोल तिलाच लागला.

मी तपासलं होतं ते आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर. तिथे त्या फोल्डरमध्ये आमच्याशिवाय कोणाचंच काही नव्हतं. दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये कोण कशाला आपलं सामान ठेवेल?

*

म्हात्रे ठेवेल! म्हात्र्यांचा नालासोपाऱ्यात स्टुडिओ आहे. आमचे जुने गिऱ्हाईक, स्वभावाने गोड. ते फोनवर कधी तक्रार करत नाहीत. त्या दिवशीही त्यांनी आधी कौतुकच केलं.

"मॅडम, नवीन व्हर्जन एकदम बेस्ट! जुनं काढलं, सगळं साफ झालं. आता फक्त माझे फोटो कुठे गेले तेवढं सांगा."

"कुठले फोटो?"

"लग्नांचे. तुमच्या फोल्डरात होते ते."

"आमच्या फोल्डरमध्ये का ठेवलेत?"

"तुमचं सॉफ्टवेअर उघडलं की पहिला तोच उघडतो ना! म्हटलं, मोठ्या कंपनीच्या फोल्डरात आपलं सामान सेफ राहील."

मोठी कंपनी! केकच्या दुकानावर चार माणसं!

"म्हात्रे, कॅमेऱ्याच्या कार्डात असतील ना?"

"कार्ड पुसून दुसऱ्या लग्नाला वापरलं."

"दुसरी कॉपी तरी असेल?"

"आहे ना! बॅकअप आहे," म्हात्रे अभिमानाने म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. "तोपण त्याच फोल्डरात आहे."

*

तासाभरात म्हात्रे स्कूटरवर पायांमध्ये सीपीयू घेऊन हजर झाले. त्यांच्या मागोमाग रिक्षातून एक मुलगी उतरली. साधा पंजाबी ड्रेस, हातात हिरवा चुडा अजून तसाच. ही स्नेहल.

तिने दारातच सगळं सांगितलं. नवरा निनाद लग्नानंतर अकराव्या दिवशी कॅनडाला परत गेला. तिच्या व्हिसाची फाइल सोमवारी द्यायची होती. लग्न खरंच झालंय हे दाखवायला विधींचे आणि दोन्ही घरच्यांचे नीट फोटो हवेत, असं एजंटने बजावलं होतं. मोबाइलवरचे हललेले फोटो त्याने बघून परत दिले होते. आणि आज बुधवार होता.

आम्हाला वाटलं ती आता ओरडेल. ती म्हणाली, "मला रडायला वेळ नाहीये. फोटो परत येतील का, एवढंच सांगा."

मर्लिन उठून उभी राहिली होती. म्हात्रे तिच्याकडे बघून म्हणाले, "एवढी शिकलेली माणसं तुम्ही, अख्खा फोल्डर पुसता?" मी मध्ये पडले. म्हटलं, पास मी केलं. तेवढ्यात सर बोलले.

"चूक ना तिची, ना हिची. वरची पाच लिहायची नाहीत हा हट्ट माझा. तिथून सगळं सुरू झालं." मग ते स्नेहलकडे वळले. "फोटो मिळेपर्यंत या ऑफिसात दुसरं काम होणार नाही, बेटा."

सर असे सरळ कबूल करतील असं मला वाटलं नव्हतं. त्या दिवशी या माणसाबद्दल माझ्या मनात जो आदर बसला तो बसलाच.

*

पुसलेली फाइल लगेच मरत नाही, हे मर्लिनने आम्हाला समजावलं. तिच्या जागेवर दुसरी येऊन बसेपर्यंत ती तिथेच पडून असते. मग तिने म्हात्र्यांना विचारलं, "पुसल्यावर तुम्ही त्यावर काय टाकलंत?"

"तुमचं नवीन व्हर्जन," म्हात्रे म्हणाले.

म्हणजे आमचीच त्रेसष्ट हजार नवी फुलं त्या पोरीच्या लग्नावर जाऊन बसली होती! मर्लिनने डोक्याला हात लावला. काही फोटो कायमचे गेले, हे तिथेच कळलं. किती आणि कुठले, ते कोणालाच माहीत नव्हतं.

फायली शोधून परत आणणारा प्रोग्राम रात्रभर चालला. गुरुवारी सकाळी जे हाती लागलं ते बघून प्रशांत खुर्चीतच खचला. नावं सगळी उडालेली, नुसते नंबर. आणि फोटोंबरोबर पुसलेली सगळी फुलंही परत आलेली! झेंडू, चाफा, त्यातच कोणाची तरी आत्या, पुन्हा झेंडू.

मर्लिनने लहान फायली बाजूला काढल्या तेव्हा फुलं गेली. उरले अकरा हजार फोटो, कित्येक वर्षांच्या लग्नांचे. "तारखेवरून लावू," मी म्हटलं. कॅमेरा प्रत्येक फोटोत तारीख लिहितोच. मर्लिनने तारखा काढल्या. सगळ्या लग्नांची तारीख एकच, एक जानेवारी!

आम्ही चौघांनी म्हात्र्यांकडे पाहिलं. "ती तारीख सेट करायचं कधी जमलंच नाही मला," ते म्हणाले. "बॅटरी काढली की परत एक जानेवारी."

मग एकच उपाय उरला. स्नेहलने बसून एकेक फोटो बघायचा. तिची माणसं तिलाच ओळखू येणार. गुरुवारी सकाळपासून ती माझ्या शेजारी बसली. मी फोटो पुढे सरकवायची, ती म्हणायची "घ्या" किंवा "सोडा". पहिले सातशे फोटो नुसतं "सोडा". तिचा आवाज बारीक होत चालला होता, आणि माझी तिच्याकडे बघायची हिंमत होत नव्हती.

मग एक फोटो आला आणि ती खुर्चीतून उडालीच. "मामा!"

फोटोत एक गृहस्थ, दोन्ही गालांत एकेक गुलाबजाम, तिसरा हातात. हा मामा म्हणे आपल्याला लग्नात कोणी जेवायलाच विचारलं नाही म्हणून रुसला होता. तिच्या आईशी अजून बोलत नव्हता!

"घ्या, घ्या! हा पहिला घ्या!" स्नेहल हसून हसून लाल झाली. दोन दिवसांत पहिल्यांदा ती हसताना दिसली.

म्हात्रे मागून डोकावले. "हा तर मी तेव्हाच डिलीट केला होता. तोंड वाईट आलं म्हणून."

"डिलीट केलेलं सगळंच परत येतं," मर्लिन म्हणाली. "आत्ताचं, जुनं, कधीचंही. प्रोग्रामला काय कळतंय कुठलं कोणी का पुसलं?"

खरंच, काय काय परत आलं! डोळे मिटलेले भटजी, चप्पल शोधणारे वऱ्हाडी, ढोकळ्याच्या ताटावर झोपलेलं मांजर. शुक्रवारी हळद सापडली. शुक्रवारीच संध्याकाळी अंतरपाट आणि मंगळसूत्र. सप्तपदी मात्र मिळाली नाही, ती आमच्या फुलांखाली गेली. एजंटला फोन केला. तो म्हणाला, चालेल, पण स्टेजवरचा दोन्ही घरांचा एक तरी फोटो पाहिजेच.

*

तो फोटो सापडला शनिवारी दुपारी.

स्टेजवर मधोमध निनाद आणि स्नेहल, एका बाजूला तिची माणसं, दुसऱ्या बाजूला त्याची. सगळ्यांचे डोळे उघडे! मर्लिनने छातीवर क्रूसाची खूण केली आणि तिथेच रडायला लागली. स्नेहलने तिला मिठी मारली. प्रशांत शिट्टी वाजवत होता. सर स्वतः खाली जाऊन केक घेऊन आले. मला इतकं हलकं वाटत होतं की मी उगाचच सगळ्यांना बशा वाटत सुटले.

"अजून दीडशेक राहिलेत," स्नेहल म्हणाली. "बघून घेऊ या का? एखादा बाबांचा चांगला मिळाला तर."

आम्ही पुन्हा बसलो. एव्हाना निनादला मीही ओळखायला लागले होते. डाव्या भुवईवर लहानसा व्रण आहे त्याच्या. त्यामुळे तो दिसला की मी तिच्या "घ्या"ची वाटही बघत नव्हते. आठ-दहा फोटो सोडले आणि तो दिसला. मुंडावळ्या बांधलेला, हसत होता. मी लगेच घेतला.

स्नेहल काहीच बोलली नाही. म्हणून मी फोटो नीट पाहिला. शेजारची नवरी स्नेहल नव्हती.

मी पुढचा फोटो काढला. काढायला नको होता, पण बोट दाबलं गेलं. निनाद मंगळसूत्र घालत होता. पुढचा. स्टेजवर दोन्ही घरची माणसं. त्याच्याकडची माणसं तीच. सासूबाई त्याच, साडी फक्त वेगळी. हात माउसवरून उचलावा हेही सुचत नव्हतं.

म्हात्रे केकची बशी घेऊन मागे येऊन उभे राहिले. त्यांनी स्क्रीन पाहिली.

"अहो, हे तर मी डिलीट केलं होतं!"

एवढं बोलले आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

स्नेहल वळून त्यांच्याकडे बघत होती. "कोणी सांगितलं होतं करायला?" तिने विचारलं. आवाज चढवला नाही, काही नाही.

म्हात्र्यांनी बशी टेबलावर ठेवली. चमचा सरळ केला.

"कधीचे आहेत हे?" तिने मर्लिनला विचारलं.

मर्लिनने फोटोची तारीख उघडली. "एक जानेवारी," ती कशीबशी म्हणाली.

सर पुढे आले. "बेटा, आधी घरी फोन कर. मी सोडायला येतो तुला." स्नेहलने मानेनेच नको म्हटलं. हातातला चुडा तिने कोपरापर्यंत वर सारला आणि खुर्ची पुढे ओढली.

"ताई, हेपण पेनड्राइव्हमध्ये टाका."

"सगळे?" मर्लिनने विचारलं.

"जेवढे आहेत तेवढे सगळे. वेगळा फोल्डर करा."

मर्लिनने फोल्डर केला. दोनदा चुकलं. "नाव काय देऊ?"

स्नेहलने माझ्या हाताखालून माउस घेतला आणि तो स्टेजवरचा फोटो मोठा केला. मागच्या पडद्यावर थर्माकोलची अक्षरं होती. निनादचं नाव स्पष्ट दिसत होतं, दुसऱ्या नावापुढे कोणा काकांचा फेटा आडवा आला होता. तिने पुढचा फोटो काढला. त्याच्या पुढचा काढला. तिसऱ्या फोटोत काका बाजूला झाले होते.

तिने वाकून वाचलं.

"वैभवी," ती म्हणाली. "वैभवी लिहा."